सूपभर कोंड्याची पोर

आपापल्या नावांचा विषय निघाला की बायका कशा खुलतात ते मी आयुष्यभर बघत आले आहे. एकीचं नाव आत्याने हौसेने ठेवलेलं असतं, दुसरीच्या नावावरून वडील आणि काका आठवडाभर भांडलेले असतात, तिसरी श्रावणात जन्मली म्हणून श्रावणी. मी अशा वेळी चहा टाकायला उठते. कारण माझी पाळी आली की सांगावं लागेल, बायांनो, माझं नाव कुणी ठेवलंच नाही. मला विकलं, आणि माझी जी किंमत आली तेच माझं नाव पडलं. कोंडी. सूपभर कोंड्याला घेतलेली म्हणून कोंडी. आता साठी उलटली, गुडघ्यांनी दगा दिला, पण त्याबरोबर लाजायचं वयही निघून गेलं, तेव्हा हे एकदा लिहूनच टाकते.

आमचं गाव पेणच्या खाडीच्या अंगाला. एकीकडे खारजमीन, दुसरीकडे मिठागरं आणि मधल्या उंचवट्यावर एकाला एक लागून घरं. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणायचो, मिठागरावर कामाला होते. आयला माझ्याआधी दोन मुलं झाली, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. माझ्या वेळी सुईण म्हणाली, "ही पोर आता तुजी म्हणून ठेवू नको. विकून टाक." हा आमच्याकडचा जुना रिवाज. ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घराने पुढचं मूल, जिची सगळी मुलं जगली आहेत अशा बाईला विकायचं, आणि तेही एखाद्या टाकाऊ वस्तूच्या बदल्यात. म्हणजे ज्या कुणाची त्या घरातल्या पोरांवर नजर आहे त्याला वाटावं, हे मूल या घरचंही नाही आणि उचलून न्यावं अशा मोलाचंही नाही. बाराव्या दिवशी मला सुपात घालून मागल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. समोरच्या घरातली जितेकरीण आली. तिने आपल्या सुपातला कोंडा, भात सडल्यावर निघतो तो, आम्ही म्हशीपुढे टाकतो तो, आयच्या पदरात ओतला आणि मला उचलून आपल्या घरी नेलं. मी भुकेने किंचाळायला लागले तेव्हा दूध पाजायला परत आणून दिलं, पण बजावून, "माजी पोर हाय. नीट सांभाळ." तेव्हापासून मी दोन घरांची झाले. आय ती आय, आणि जितेकरीण ती मोठी आय.

मोठी आय अंगाने वाळकुडी, आवाजाने मात्र खणखणीत. नवरा लवकर गेलेला, पदरी चार मुलगे, चारही धट्टेकट्टे, म्हणूनच तर मला विकत घ्यायचा मान तिला. मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की तीळ टाकला तर दिसायचा नाही. आमच्या गावात सून आली की तिला माहेरच्या गावाने हाक मारायची. ही जिते गावची, म्हणून जितेकरीण. लहान-थोर सगळे तिला तसंच म्हणायचे, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. तिच्याकडे गेलं की हातावर काहीतरी पडायचंच, कधी भाजलेलं सुकं बोंबील, कधी गरम भाकरीचा पापुद्रा आणि त्यावर चिमूटभर मीठ. तिच्या मुलग्यांना ती उठता-बसता शिव्या घालायची, मला कधी नाही. "माजी विकतची हाय," म्हणायची, "तुमी काय, फुकटात आलेले."

या व्यवहाराला दोन अटी होत्या. एक म्हणजे दरवर्षी भात झोडून झालं, नवे तांदूळ गिरणीतून आले, की मोठ्या आयने त्यातल्या कोंड्याची एक लहानशी भाकरी थापायची आणि तिचा पहिला घास स्वतःच्या हाताने मला भरवायचा. ती भाकरी मेली घशात टोचायची. मी डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे, आणि आय दारात उभी राहून तो घास खाली उतरेपर्यंत बघत राहायची. उतरला की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणखी एक वर्ष मिळालं, असं तिचं गणित. दुसरी अट अशी की लग्नापर्यंत नाव बदलायचं नाही. लग्नात नवऱ्याकडच्यांनी मोठ्या आयला तितकाच कोंडा देऊन मला सोडवायचं, मग ते जे काही नवीन नाव ठेवतील ते. तोवर कोंडी ती कोंडी.

आता सांगा, शाळेत जाणाऱ्या मुलीला हे कसं पटायचं? गावातल्या शाळेत चालून गेलं, तिथे आमच्यासारखेच होते, एक दगडू होता, एक केरू होता. पण पाचवीला मी पेणला जायला लागले. पेण म्हणजे आमच्यासाठी मोठं शहर. वर्गात सुहासिनी, ज्योत्स्ना, मीनल, आणि हजेरी घेताना मध्येच गुरुजी म्हणणार, "कोंडी." झालं! मागच्या बाकांवरून खुसखुस. कुणी "कोंबडी" म्हणून आरवून दाखवायचं, कुणी विचारायचं, "तुला म्हैस खाते का गं?" मीनल नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची, रामवाडीला राहायची. ती काही फार हुशार नव्हती की फार गोरीही नव्हती. पण तिचं नाव घेताना गुरुजींचा आवाज मऊ व्हायचा, असं आपलं मला वाटायचं. मी वहीच्या शेवटच्या पानावर ते नाव लिहायचे आणि खोडून टाकायचे. एकदा घरी येऊन दप्तर फेकलं आणि आयला म्हटलं, "माझं नाव बदल, नायतर मी शाळेत जात नाय." आय भात टाकत होती. ती वळली आणि माझ्या थोबाडीत मारली. आयने आयुष्यात मला मारलं ते तेवढंच एकदा. मग स्वतःच रडत बसली. त्या रडण्याचा मला तेव्हा रागच आला. दोन मुलं पुरलेल्या बाईच्या पोटात काय होत असेल, हे कळायला स्वतःला मूल व्हावं लागतं.

(हल्ली टीव्हीवर बातमी येते, वडखळला पुन्हा वाहतूक कोंडी, आणि माझे नातू खदाखदा हसत माझ्याकडे बघतात. मीही हसते. मेल्यांनो, हसा. तेव्हा हसता आलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.)

तरी त्या घरातले दिवस वाईट होते असं म्हणवत नाही. थंडी संपत आली की मिठागरं भरात यायची. दुपारी सगळं गाव चिडीचूप, फक्त लाकडी फावड्याने मीठ ओढल्याचा खरखर आवाज येत राहायचा, एकसुरी, झोप आणणारा. बा घरी आले की त्यांच्या पोटऱ्यांवर पांढरी रेघ असायची, खारं पाणी वाळल्याची. चुलीवर वालाचं बिरडं रटरटत असायचं, आय वालाची सालं काढून काढून बोटांच्या टोकांना पांढरी पडलेली. भरतीच्या वेळी खाडीतून चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त नांग्या फोडल्याचा आवाज. मोठी आय समोरून ओरडायची, "कोंडे, माज्या वाट्याची ठेव गो!" मी एक मोठी नांगी वाटीत घालून नेऊन द्यायचे. ती निम्मी खायची आणि निम्मी मलाच भरवायची.

मॅट्रिक झाले आणि बाच्या बहिणीने, माझ्या आत्याने, मला रोह्याला बोलावून घेतलं. आत्या वरसे गावात राहायची. तिचे यजमान कंपनीत, त्यांच्या शिफ्टप्रमाणे घरातल्या जेवायच्या वेळा बदलायच्या. रोह्यात एका बाईंचा शिवणक्लास होता, वर्षभराचा, त्यात माझं नाव घालायचं ठरलं. पहिल्या दिवशी आत्याला ताप होता, म्हणून मी एकटीच गेले. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाव काय तुझं?" देवाशपथ सांगते, घरून निघताना माझ्या मनात काही नव्हतं. पण त्या खोलीत कुणीच मला ओळखत नव्हतं, पेणचं एक माणूस नव्हतं, आणि बाईंच्या हातात कोरी वही होती. मी म्हटलं, "मीनल." त्यांनी लिहिलं. इतकं सोपं होतं ते! सतरा वर्षं जे होत नव्हतं ते एका शब्दात झालं. मी घरी जाताना कुंडलिका नदीच्या पुलावर थांबले आणि स्वतःलाच दोनदा हाक मारली.

आत्याला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "अगो, वयनीला कळलं तर ती धाय मोकलून रडेल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं, क्लासात काय ते कर. घरात तू कोंडूच." तर असं माझं दोन नावांचं जगणं सुरू झालं. आणि खरं सांगू? मीनल झाल्यावर मी सुधारले. ताठ बसायला लागले, "नाय" ऐवजी "नाही" म्हणायला लागले, मुलींशी चेष्टेत बोलायला लागले. शेजारच्या मशीनवरची शुभांगी माझी मैत्रीण झाली, ती म्हणायची, "मीनल, तुझ्या नावासारखाच तुझा हात नाजूक चालतो गं." कुणी आपल्या नावाचं कौतुक करण्याची मला सवय नव्हती. मी त्या दिवशी ब्लाऊजच्या पाच काजा एका दमात केल्या.

त्या वर्षी नवं भात आलं तेव्हा मी गावी गेले नाही. क्लासची परीक्षा होती हे एक, आणि खरं कारण हे की मला ती कोंड्याची भाकरी खायची नव्हती. मीनल कशाला कोंडा खाईल? आयचा निरोप आला, ये. मी उलट निरोप धाडला, जमत नाही. आणि मग एका दुपारी, आम्ही बाराजणी मशीनवर बसलो होतो, मशीनींचा खडखडाट चालला होता, तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोंडी हाय का गो हितं? आमची कोंडी?"

मी वर बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलंच मला सगळं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं विटकं लुगडं, अनवाणी पाय, काखेत फडक्याचं गाठोडं. पेणहून एस.टी.ने नागोठणे, तिथे दुसरी गाडी पकडून रोहा, मग स्टॅंडपासून क्लास विचारत विचारत. जिला पेणच्या बाजाराच्या पलीकडे कधी जावं लागलं नव्हतं ती बाई. मुली फिसफिसल्या. कुणीतरी म्हणालं, "कोंडी? हे काय नाव?" शुभांगीने माझ्या कानाशी तोंड आणलं, "शी, सुकटीचा वास बघ." बाई उठून दाराशी गेल्या, चांगल्याच होत्या त्या, म्हणाल्या, "आजी, इथे कोंडी कोणी नाही. कुठून आलात तुम्ही?" ती म्हणाली, "पेणच्या खाडीकडनं, बाय." आणि बाईंनी मागे वळून मला विचारलं, "मीनल, तूही पेणकडचीच ना? ओळखतेस का यांना?"

आता मला मान वर करावी लागली. मोठी आय माझ्याकडेच बघत होती. तिने मला कधीच ओळखलं होतं, दारात पाऊल टाकलं तेव्हाच. तिच्या तोंडावर हसू फुटायच्या बेतात होतं, मी धावत येईन म्हणून तिने गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं होतं. आणि मी म्हटलं, "नाही बाई. मी नाही ओळखत."

इतकी वर्षं झाली, हे वाक्य लिहायला आजही जड गेलं. मधे दोन वेळा उठून पाणी पिऊन आले.

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. एक क्षणभर काय ते. मग तीच घाईघाईने म्हणाली, "माजंच चुकलं बाय. दुसरा क्लास असंल. आमची पोर काळी हाय, ही तर गोरी हाय." मी काळीच आहे. बाई म्हणाल्या, "थांबा, कोणी आली तर निरोप देते. तुमचं नाव काय सांगू?" ती गोंधळली. "माजं नाव? जितेकरीण सांगा." बाई म्हणाल्या, "ते गावाचं झालं आजी. तुमचं स्वतःचं?" त्यावर मोठी आय हसली, तोंडावर पदर धरून, एखाद्या नवख्या पोरीसारखी लाजून. "त्याला कोन पुसतंय बाय," म्हणाली, आणि उन्हात निघून गेली. मी मशीन चालवत राहिले. बाही उलटी शिवली होती ते बाईंनी दाखवलं तेव्हा कळलं. क्लास सुटल्यावर स्टॅंडवर पळत गेले, पण पेणकडची गाडी गेली होती.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तिने घरी सांगितलं असेल, आय ऊर बडवत असेल, असं वाटायचं. आणि दुसरी एक भीती होती, जी मीनलला शोभणारी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तो घास चुकवला होता. जरा शिंक आली की मी स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे. शेवटी शिमग्याला गावी गेले. आय दारातच भेटली, आणि हसत होती! माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मोठी आय बोलली मना सगळं. रोह्याला जाऊन तुला घास भरवून आली. बोलली, पोरीनं एका दमात खाल्लान, तोंड पन नाय वाकडं केलं. मैत्रिणींना बोलावून बोलावून दाखवत व्हती, ही माजी मोठी आय म्हनून." मी पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तशीच मागे फिरले.

समोरच्या घरी गेले तेव्हा मोठी आय परसात फाटकं जाळं तुणत बसली होती. "आलीस?" म्हणाली, आणि जशी काही मी कालच येऊन गेले होते तशी सरकून जागा दिली. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझं रडंच फुटलं. हुंदक्यांतून जे काय सांगता आलं ते सांगितलं. ती म्हणाली, "गप. नाक पूस." आत जाऊन फडक्यातून कोंडा काढला, तो तिने जपून ठेवला होता, आणि चुलीवर भाकरी टाकली. मला भरवली. नेहमीसारखीच टोचली. मी गिळली तसं ती म्हणाली, "तुज्या आयला खोटं बोलले. आता ते खोटं ऱ्हायलं नाय. जा, सुटले मी पन."

मी विचारलं, "तुला राग नाय आला?"

"आला की. एस.टी.त बसले आनि नागोठण्यापर्यंत रडले. मग मना वाटलं, पोरीला नाव लागतंय, चांगलंसं, तर तिचं काय चुकलं? मना पन लागायचं." तिने जाळं पुन्हा पुढ्यात ओढून सुई हातात घेतली. "त्या बाईनं नाव पुसलं नं मना, तवा मना पयलं आठवेचना. माजंच नाव, आनि आठवना. रस्त्यात आठवलं."

तेव्हा मला कळलं की ज्या बाईने मला विकत घेतलं, सतरा वर्षं भरवलं, तिचं नाव मला माहीत नाही. मी विचारलं. ती लगेच सांगेना. "म्हातारपनी काय करायचंय गो," म्हणे. मग सांगितलं. जित्याला ती सोनी होती. बापाने हौसेने ठेवलेलं, तिच्या बापाला मुलगीच हवी होती म्हणे. "माजा बाप शेतातनं हाक मारायचा, सोनी, तर आक्ख्या जित्याला ऐकू जायचं. मी लय लांबनं ओ द्यायची." लग्नात नवऱ्याने तांदळात पार्वती लिहिलं. "तांदूळ गेलं भातात, पार्वती पन गेली. दुसऱ्या दिसापासनं जितेकरीण. नवरा 'ए' बोलायचा, पोरं आय बोलतात. मतांच्या यादीत पार्वती हाय, पन ती कोन, मना तरी ओळख नाय. सोनी बोलनारा माजा भाव व्हता, तो गेला त्याला बारा वर्सं झाली." मग एकदम मान वर करून, जरा दरडावूनच म्हणाली, "तुला निदान हाक मारनारे हायत. कोंडी तर कोंडी. माज्यासाठी तं त्या नावात सगळी तू हायस."

आत्मकथनात इथे लिहायला हवं की मी रोह्याला परत गेले आणि बाईंना खरं नाव सांगितलं. नाही सांगितलं. धीर नाही झाला. क्लास संपेपर्यंत मी मीनलच राहिले, प्रमाणपत्रही मीनलच्या नावाचं मिळालं, ते ट्रंकेत पडून आहे आणि कशाच्याही उपयोगाचं नाही. पण त्या नावाची गोडी गेली होती. शुभांगीने हाक मारली की मला मागे वळून दाराकडे बघावंसं वाटायचं.

दीड वर्षाने माझं लग्न ठरलं, वरसे गावातच, आत्याच्या ओळखीतला मुलगा, आमच्यातलाच, कंपनीत कामाला. शांत माणूस, अजूनही शांतच आहे. त्याने आत्याकडून निरोप पाठवला की नाव काय ठेवायचं ते मुलीलाच विचारा, मला तांदळात लिहायचं तेवढं काम. त्या काळात हे फार होतं. आत्या हसत आली, "आता तुजी मनातली मीनल होऊ दे एकदाची." मी म्हटलं, "नाय आत्या. सोनी." आत्याचं तोंड पडलं. "सोनी? अगो हे काय नाव? म्हाताऱ्या बायांची असतात असली." मी म्हटलं, "असू दे." का ते कुणालाच सांगितलं नाही, मोठ्या आयला तर नाहीच.

लग्न आमच्या दारात लागलं, दुपारी. आमच्याकडे विधी गाऊन लावायला धवलारीण असते, ती आली होती, भरदार आवाजाची बाई. हळदीच्या वासाने आणि माणसांनी मांडव कोंदला होता. आधी मला सोडवायचं होतं. सासूबाईंनी सूपभर कोंडा आणला. मोठी आय नवीन लुगडं नेसून, केसांना तेल लावून पुढे आली. तिने तो कोंडा पदरात घेतला, आणि मी आयकडे बघितलं तर आय पदराचा बोळा तोंडात धरून उभी. धवलारणीने विचारलं, "जितेकरणी, पोर दिलीस का?" मोठी आय पदरातला कोंडा सारखा करत राहिली. पुन्हा विचारलं तशी ती म्हणाली, "दिली. पन भारी पडलीय मना, इतक्या कोंड्यात नाय भागत." सगळे हसले, ती पण हसली, आणि डोळे पुसत मागे जाऊन बायकांत उभी राहिली.

मग परातीत तांदूळ पसरले. नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं. आमच्याकडे रीत अशी की धवलारीण ते नाव मोठ्याने पुकारते आणि नवरीने तिथल्या तिथे ओ द्यायची, म्हणजे नाव अंगाला लागलं. तिने वाकून परातीत बघितलं, शेजारच्या पोराने कानात वाचून सांगितलं, आणि ती मान वर करून मांडवाबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सोनी!"

माझी नजर मागच्या बायकांत मोठ्या आयला शोधत होती. ओ द्यायची राहूनच गेली. आणि तेवढ्यात मागून, बायकांच्या गर्दीतून, मिठागरावर हाका मारून खणखणीत झालेल्या आवाजात, कुणीतरी फार लांबून बोलावल्यासारखी ओ आली. "ओऽऽ!"

सगळा मांडव मागे वळला. मोठी आय जागच्या जागी उभी होती, कोंडा पदरातून पायांवर सांडलेला, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेले. कुणीतरी म्हणालं, "अगो जितेकरणी, लगीन तुजं हाय काय?" हसण्याचा नुसता कल्लोळ उसळला. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

धवलारीण रागावली, म्हणाली नवरीची ओ पाहिजे, आणि तिने पुन्हा हाक मारली. या खेपेला आम्ही दोघींनी ओ दिली.